सेंट क्लेअरवर पूर्वेचा वारा

जूनच्या अखेरीस बास माशांच्या गळ-स्पर्धेसाठी डेट्रॉईटहून हॅरिसन टाउनशिपच्या धक्क्याकडे पहाटे निघालं, की सरोवर दिसायच्या आधी फिशफ्लाय लागतात. पेट्रोल पंपाच्या दिव्यांखाली या माश्यांचा खच पडलेला असतो, टायरखाली पोहे चुरडल्यासारखा आवाज येतो आणि हवेला मेलेल्या मासळीसारखा वास. रॅम्पवर, म्हणजे बोट पाण्यात सोडायच्या उतारावर, ट्रेलर मागे घेताना याच ओल्या थरावरून पाय घसरतो, म्हणून खाली उतरताना चप्पल नको, खाचेदार तळव्याचे बूट हवेत. आणि बोट पाण्यात सोडण्याआधी पाणी काढायच्या भोकाचं मागचं बूच बसवलंय ना, हे हाताने चाचपून बघायचं. दरवर्षी कुणी ना कुणी ते विसरतो आणि सकाळचा पहिला अर्धा तास बोटीतलं पाणी उपसण्यात जातो.

सेंट क्लेअर सरोवर अमेरिकेचं मिशिगन राज्य आणि कॅनडाचा ओंटारियो प्रांत यांच्या मधोमध आहे. क्षेत्रफळ सुमारे 1,100 चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या जवळजवळ पावणेदोन पट, आणि सरासरी खोली फक्त 11 फूट. मालवाहू जहाजांसाठी मधून खोदलेला 27 फुटी मार्ग सोडला तर सगळी परात. स्पर्धेचं सगळं गणित या उथळपणावर बसतं. उथळ पाण्यात लाट फार उंच होत नाही, पण आखूड होते. एक ओलांडेपर्यंत दुसरी बोटीच्या नाकाखाली हजर.

मासे मात्र भरपूर. झेब्रा शिंपले उत्तर अमेरिकेत पहिल्यांदा सापडले ते याच सरोवरात, 1988 साली. त्यांनी पाणी गाळून इतकं स्वच्छ केलं की ऊन तळापर्यंत पोचलं आणि पाणवनस्पती वाढल्या. पाठोपाठ 1990 मध्ये सेंट क्लेअर नदीत राउंड गोबी आढळला. गोबी म्हणजे फ्लॉवर नव्हे, तळाला चिकटून राहणारा बोटभर मासा. आपल्या खाडीतली निवटी याच गोतावळ्यातली. स्मॉलमाउथ बासला, म्हणजे आमच्या स्पर्धेच्या माशाला, हे खाद्य मानवलं आणि तो जाड झाला. त्यामुळे इथे 3 पौंडांचा मासा मिळाला म्हणून कुणी उड्या मारत नाही. दिवसाला पाचच मासे मोजतात, किमान लांबी 14 इंच. पाचांचं मिळून 20 पौंड भरलं तर वरच्या गटात राहण्याची आशा. सरासरी 4 पौंड, हा आकडा डोक्यात ठेवूनच आम्ही जागा निवडतो.

जागा म्हणजे काय, तर वनस्पतींच्या गालिच्यात पडलेला वाळूचा चट्टा, किंवा सपाट तळावर एकटाच बसलेला धोंडा. तळ दाखवणाऱ्या सोनार यंत्राच्या पडद्यावर धोंडा दिसला की थेट डोक्यावर जायचं नाही. पाणी काचेसारखं असतं, बोटीची सावली पडली की मासा सरकतो. 60-70 फुटांवर थांबून वाऱ्याच्या दिशेने गळ टाकायचा.

आमचा भर ड्रॉप शॉटवर, म्हणजे वजन तळाला आणि हुक त्याच्या वर अधांतरी. मुख्य दोर 10 ते 15 पौंड ताण सोसणारा विणलेला (ब्रेड), पुढे 8 पौंडी पारदर्शक फ्लुरोकार्बन. हुक पालोमार नावाच्या गाठीने बांधायचा, खाली दोराची शेपटी 12-15 इंच सोडायची आणि टोकाला 3/8 औंसाचं वजन. वारा वाढला की अर्धा औंस. तळ मोकळा असेल तर हिरवट तपकिरी ट्यूब जिग (नळीसारखं मऊ आमिष, आत वजनदार हुक) ओढत न्यायचा, गोबी जसा थांबत थांबत सरकतो तसा. वनस्पतीत ट्यूब दर फेकीला पाला घेऊन येतो, तिथे तो नको. नवख्यांचा गोंधळ चावा ओळखण्यात होतो. टकटक टकटक असं चोचीने टिपल्यासारखं लागलं तर तो गोबी. बास घेतो तेव्हा ठोका असेलच असं नाही. वजन एकदम ओल्या फडक्यासारखं जड लागतं. तिथे जोरात झटका द्यायचा नाही. बारीक तारेचा हुक सरळ होतो. रॉड वाकेपर्यंत फक्त रील फिरवायचं.

दर माशानंतर हुकाच्या वरचा फूटभर दोर दोन बोटांच्या चिमटीतून ओढून बघायचा. शिंपल्यांवर घासून तो केसाळ होतो. नखाला खरखर लागली की कापून नव्याने बांधायचं. हा दीड मिनिटाचा कंटाळा केला, तर बोटीशेजारी उडी मारणारा 5 पौंडांचा मासा दोर तोडून जातो.

पाच झाले की पुढचा मासा पकडताक्षणी सर्वांत हलका सोडून द्यावा लागतो. ओठाला छिद्र न पाडणाऱ्या रंगीत क्लिपा लावायच्या आणि तराजूच्या दांडीवर दोघांची तुलना करायची. नजरेवर विसंबू नये. लांब पण रोडका मासा हमखास फसवतो.

लाइव्हवेल, म्हणजे बोटीतली मासे जिवंत ठेवायची टाकी, धक्क्यावरच्या गढूळ पाण्याने भरू नका, बाहेर उघड्यावर आल्यावर भरा. दुपारी पाणी तापलं तर गोठवलेली बाटली आत सोडायची, पण तापमान 3-4 अंशांहून जास्त उतरवायचं नाही. खरी चूक घडते ती परतीला. बोट वेगात आली की पाणी घेण्याचं भोक पाण्याबाहेर येतं, पंप हवा ओढतो आणि नंतर फिरतो पण पाणी देत नाही. इंजिनाचा गोंगाट असल्यामुळे कळतही नाही. म्हणून वेग घेण्याआधी स्विच पुनर्चक्रणावर, म्हणजे टाकीतलंच पाणी फिरत राहतं. मेलेल्या प्रत्येक माशामागे सहसा 4 औंस कापले जातात, आणि बक्षीस कितीदा तेवढ्यावरच हुकतं.

आता वारा. पश्चिमेचा असेल तर मिशिगनचा किनारा आडोशाला असतो आणि तिथे सगळे खुशीत. पूर्वेचा सुटला की त्याला धावायला चाळीसेक किलोमीटर मोकळं पाणी मिळतं आणि सगळी खळबळ आपल्याच धक्क्यावर येऊन आदळते. कॅनडाच्या बाजूला बेल रिव्हरचा पाण्याखालचा उंचवटा साधारण 20 मैलांवर. (तिथे मासेमारीला ओंटारियोचा परवाना लागतो, आणि स्पर्धेच्या नियमांत ती बाजू खुली असायला हवी.) सपाट पाण्यावर ताशी 60 मैलांनी हे अंतर 20 मिनिटांचं. तीन फुटी लाटांत ताशी 15 मैलांनी गेलात तर 80 मिनिटं. उशिराच्या प्रत्येक मिनिटाला बहुतेक ठिकाणी 1 पौंड कापतात, पंधरा मिनिटांनंतर सगळंच शून्य. मागून येणाऱ्या लाटेवरून उतरताना नाक खाली असेल तर ते पुढच्या लाटेत घुसतं. ट्रिमने, म्हणजे इंजिनाचा कोन बदलून, नाक वर ठेवायचं आणि लाट तिरकी कापायची. किल स्विचची दोरी (माणूस पडला तर इंजिन बंद करणारी) जॅकेटलाच अडकवलेली.

बोट हळू हलवणारी आणि जागेवर धरणारी पुढची छोटी ट्रोलिंग मोटरही इथे वेगळी लागते. 45 इंची दांडा तळ्यावर चालतो. इथे लाटेवर नाक उचललं की पंखा हवेत गरगरतो आणि बोट धोंड्यावरून वाहून जाते. निदान 54 इंची घ्या, 60 असेल तर उत्तम.

वजनकाट्यापाशी रांगेत पिशवीत पाणी पुरेसं हवं, आणि उभं राहायचं ते हवेचे बुडबुडे सोडणाऱ्या टाकीपाशी. मासा मापाच्या पट्टीवर तोंड मिटवून, शेपूट चिमटून मोजतात. फोटोसाठी जबड्याला धरून आडवा लोंबकळवू नका, पोटाखाली दुसरा हात द्या.

मासे सोडून झाले की ट्रेलर वर घ्यायचा, चाकांत आणि रोलरमध्ये अडकलेला पाला उपटायचा, लाइव्हवेल रिकामी करायची आणि बूच काढून ठेवायचं. मिशिगनमध्ये बूच बसवलेली, पाणी भरलेली बोट रस्त्यावर आणणं बेकायदा आहे. ते बूच आम्ही गाडीच्या किल्लीच्या जुडग्यातच अडकवतो.