आधी रीस्टोअर, मग बॅकअप: डिस्क इमेजिंगचं सॉफ्टवेअर निवडताना

फोटो आणि कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर कॉपी केली की बॅकअप झाला, असं घरच्या कॉम्प्युटरबाबत आपण धरून चालतो. विंडोज नव्याने टाकायची तयारी असेल तर तेवढं पुरतंही. माझ्या लॅपटॉपवर मात्र मराठी डीटीपीचा एक जुना फाँट-संच आहे, ज्याची सीडी आता मिळणार नाही. शिवाय डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर आणि महत्प्रयासाने जुळवलेली प्रिंटरची सेटिंग्ज. यातलं काहीही फायली कॉपी करून परत येत नाही. त्याला अख्ख्या डिस्कची इमेज लागते, म्हणजे डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं साठवलेली प्रत.

अख्ख्या म्हणजे खरोखर अख्ख्या. सी ड्राइव्हच्या आजूबाजूला एरवी न दिसणारी पार्टिशन्स (डिस्कचे वेगळे केलेले भाग) असतात: बूटसाठी लागणारं साधारण १०० एमबीचं ईएफआय, १६ एमबीचं राखीव आणि बहुधा शेवटी असलेलं रिकव्हरी पार्टिशन. फक्त सीची इमेज घेतली तर डेटा वाचतो, पण नव्या डिस्कवरून मशीन सुरू होत नाही.

सॉफ्टवेअर निवडताना तुलनेचे तक्ते बघून काही हाती लागलं नाही. सगळेच 'बॅकअप घेतो' म्हणतात आणि घेतातही. फरक पडतो तो डिस्क मेल्यावर. म्हणून मी उलटीकडून सुरुवात केली. आधी प्रत्येकाचा रिकव्हरी पेनड्राइव्ह बनवायचा, त्यावरून लॅपटॉप बूट करायचा आणि आतली डिस्क व बाहेरची डिस्क दोन्ही दिसतात का ते बघायचं. न दिसल्यास तो उमेदवार तिथेच बाद.

ही चाळणी अपेक्षेपेक्षा कडक निघाली. माझा लॅपटॉप इंटेलच्या अकराव्या पिढीनंतरचा आहे आणि त्याच्या बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) व्हीएमडी ही इंटेलची सोय चालू आहे. ती चालू असली की एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे लॅपटॉपच्या आतली डिस्क, एका वेगळ्या कंट्रोलरच्या आड जातो, आणि त्या कंट्रोलरचा ड्रायव्हर नसलेल्या विंडोजच्या रिकव्हरी वातावरणाला तो दिसतच नाही. एका प्रोग्रामचा पेनड्राइव्ह मी मुद्दाम दुसऱ्या कॉम्प्युटरवर बनवून पाहिला. तो व्यवस्थित बूट झाला, बाहेरची हार्ड डिस्क दाखवली आणि आतल्या डिस्कच्या जागी काहीच नाही. अशा वेळी बायोसमध्ये जाऊन व्हीएमडी बंद करण्याचा मोह होतो. तो टाळावा, विंडोज त्याच ड्रायव्हरवर बसवलेलं असेल तर पुढच्या बूटला निळा पडदा येतो. पेनड्राइव्ह त्याच मशीनवर, त्याच मशीनचे ड्रायव्हर त्यात घालून बनवणं हाच सोपा उपाय.

आता उमेदवारांकडे. विंडोजमध्येच असलेलं 'बॅकअप अँड रीस्टोअर (विंडोज ७)' अजून कंट्रोल पॅनलमध्ये सापडतं, पण मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्येच त्याचा विकास थांबल्याचं जाहीर केलं आहे. इमेजच्या फोल्डरचं नाव बदललं किंवा तो दुसऱ्या फोल्डरच्या आत हलवला की रिकव्हरीला ती इमेज सापडत नाही. मॅक्रियम रिफ्लेक्टची मोफत आवृत्ती वर्षानुवर्षं सगळे सुचवायचे; ती आता बंद आहे, सशुल्क आवृत्ती उत्तम आहे. ॲक्रॉनिस वर्गणीवर चालतं. एसएसडी कंपन्या त्याची मोफत आवृत्ती देतात, पण ती त्या कंपनीची डिस्क जोडलेली असेल तरच चालते. जुना लॅपटॉप, नवा एसएसडी, एकदाच क्लोन, एवढंच काम असेल तर ती पुरेशी आहे. क्लोन मात्र बॅकअप नव्हे. ती एका दिवसाची एक प्रत. मागच्या महिन्यातली फाइल तिच्यात शोधून उपयोग नाही.

शेवटी दोन उरले: क्लोनझिला आणि वीम एजंटची मोफत आवृत्ती.

क्लोनझिला विंडोजमध्ये चालत नाही. पेनड्राइव्हवरून लिनक्स बूट होतं आणि निळ्या-करड्या मेनूतून 'डिव्हाइस-इमेज', मग 'लोकल डिव्हाइस', मग 'सेव्हडिस्क' असं पुढे जायचं. व्हीएमडीचा ड्रायव्हर लिनक्समध्ये असल्यामुळे माझी डिस्क त्याला लगेच दिसली. एनटीएफएसमधली, म्हणजे विंडोजच्या नेहमीच्या फाइल-पद्धतीतली, वापरलेली जागा तेवढीच ते वाचतं. दोन ठिकाणी अडतं. पहिलं फास्ट स्टार्टअप: विंडोज शटडाउन केलं तरी ते अर्धवट झोपतं, पार्टिशन 'वापरात' अशी खूण राहते आणि क्लोनझिला काम नाकारतं. शिफ्ट दाबून शटडाउन केलं किंवा रीस्टार्ट करून थेट पेनड्राइव्हवर गेलं की ही अडचण येत नाही. दुसरं बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणारी विंडोजची सोय. विंडोज ११ च्या कित्येक लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगइन करताच डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू होतं, मालकाला पत्ताही नसतो. कुलूपबंद पार्टिशनमधली कोरी जागा कोणती हे बाहेरून कळत नाही. त्यामुळे ते न उघडता इमेज घेतली तर माझ्या ५१२ जीबीच्या डिस्कवर (विंडोजमध्ये ती ४७६ जीबी दिसते) वापर ११८ जीबी असला तरी जवळपास अख्खे ४७६ जीबी लिहिले जातात आणि दाबून लहानही होत नाहीत. कोणतंही सॉफ्टवेअर वापरा, ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून ठेवा.

ज्यांना त्या मेनूची धास्ती वाटते त्यांच्यासाठी रेस्क्यूझिला आहे. ते माऊसवर चालतं आणि क्लोनझिलाच्या इमेज वाचतं.

वीम चालू विंडोजमधूनच इमेज घेतं. विंडोजची शॅडो कॉपी सेवा त्या क्षणाचं चित्र गोठवते, त्यामुळे काम न थांबवता बॅकअप होतो. पहिल्यांदा पूर्ण, नंतर फक्त बदललेले भाग. रिकव्हरी मीडिया बनवताना 'या कॉम्प्युटरचे ड्रायव्हर समाविष्ट करा' अशी खूण असते, तिच्यामुळे व्हीएमडीचा प्रश्न मिटला. इमेजमधून एखादीच फाइल काढता येते. मला सर्वांत आवडलेली सोय अशी: बाहेरची डिस्क जोडताच बॅकअप सुरू आणि संपताच डिस्क आपोआप इजेक्ट. सतत जोडून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअरच्या (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसच्या) तावडीत तितकीच सापडते, म्हणून हे महत्त्वाचं. मोफत आवृत्तीत बॅकअपचं एकच काम ठरवता येतं, घराला तेवढं पुरे.

बाहेरची डिस्क १ टीबीची, एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केलेली. एफएटी३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. ११८ जीबीची इमेज ७८ जीबीत मावली. फोटो आणि व्हिडिओ जास्त असतील तर एवढी बचत होत नाही, ते आधीच दाबलेले असतात. यूएसबी ३ च्या पोर्टवर १८ मिनिटं लागली, तीच डिस्क यूएसबी २ ला लावल्यावर ४० च्या आसपास. दर आठवड्याची भर ४ ते ९ जीबी, विंडोजचं मोठं अपडेट आलं की २० च्या वर. लॅपटॉप चार्जरवर ठेवून स्लीप बंद करायचा. डेस्कटॉप असेल तर यूपीएसशिवाय सुरुवातच करू नये. लाइट गेली की अर्धवट इमेज उरते, आणि ती अर्धवट आहे हे नेमकं गरजेच्या वेळी कळतं.

एक गोष्ट कुठल्याच इमेजमध्ये येत नाही: वनड्राइव्हमधल्या ढगाची खूण असलेल्या फायली. त्या डिस्कवर नसतातच, फक्त नाव असतं.

मग खरी परीक्षा. रीस्टोअर जुन्याच डिस्कवर करून पाहणं म्हणजे चालत्या गाडीचं चाक काढणं. मी नवा एसएसडी घेतला. इथे खरेदीतला सापळा आहे: ५१२ जीबीच्या जागी ५०० जीबीचा घेतला तर तो १२ जीबीने लहान पडतो, आणि क्लोनझिला नेहमीच्या मार्गाने लहान डिस्कवर रीस्टोअर करत नाही, वापर कितीही कमी असो. सी आकसून घेतली तरी भागत नाही, कारण रिकव्हरी पार्टिशन डिस्कच्या शेवटाला तसंच चिकटून राहतं. आधी जीपार्टेडने (पार्टिशन्स बदलण्याचं मोफत साधन) ते डिस्कच्या सुरुवातीकडे सरकवावं लागतं. एवढ्या उपद्व्यापापेक्षा १ टीबी परवडला. लॅपटॉपमध्ये एम.२ एसएसडीची २२८० (८० मिमी) लांबीच बसते का हे आधी बघितलं.

मागचं झाकण उघडून जुना एसएसडी काढला आणि बाजूला ठेवला. काही बिघडलं तर तो परत लावला की झालं. वीमच्या पेनड्राइव्हवरून बूट, 'बेअर मेटल रिकव्हरी' (कोऱ्या डिस्कवर सगळं परत आणणं), बाहेरची डिस्क, तारीख, 'संपूर्ण कॉम्प्युटर'. २२ मिनिटांनी विंडोज जसंच्या तसं उघडलं. सक्रियतेचा प्रश्न आला नाही, कारण विंडोजचा डिजिटल परवाना मदरबोर्डशी बांधलेला असतो. फाँट-संचाने मात्र परवाना पुन्हा मागितला, तो डिस्कच्या क्रमांकाशी बांधलेला निघाला. असा जुना प्रोग्राम असेल तर त्याची की इमेजबाहेरही लिहून ठेवावी.

उरलेली जागा सीला जोडायला गेल्यावर 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' करडं दिसलं. मध्ये रिकव्हरी पार्टिशन आडवं आलं होतं. ते जीपार्टेडने शेवटाला नेलं, मग सी वाढली. चालू विंडोजमधून घेतलेली इमेज रीस्टोअर झाली की डिस्क एन्क्रिप्ट नसते, त्यामुळे डिव्हाइस एन्क्रिप्शन पुन्हा चालू केलं आणि नवी की उतरवली. जुनी आणि नवी डिस्क एकाच वेळी जोडून बूट करू नये. दोन्हींची ओळख सारखी असली की विंडोज एकीला ऑफलाइन करतं.

म्हणून व्यवस्था अशी ठेवली आहे. दर रविवारी वीम, आणि सहा महिन्यांनी क्लोनझिलाची एक पूर्ण इमेज वेगळ्या डिस्कवर, जी कपाटात असते. इमेज घेण्यापुरतं एन्क्रिप्शन बंद करतो, म्हणून ती डिस्क कुलपातच. दुसरं सॉफ्टवेअर एवढ्यासाठी की पहिल्याचा फॉरमॅट किंवा परवान्याचं धोरण उद्या बदललं तरी एक प्रत उघडता यावी. पेनड्राइव्ह दोन, दोन्हींवर मशीनचं नाव आणि तारीख चिकटवलेली. विंडोजची मोठी आवृत्ती बदलली की वीमचा पेनड्राइव्ह नव्याने बनवतो आणि लगेच बूट करून आतली डिस्क दिसते का ते बघतो.