फक्त नव्या ग्राहकांसाठी

लिफ्टमध्ये फायबर इंटरनेटचं पत्रक चिकटवलंय. '१०० एमबीपीएस, महिना ३९९, इन्स्टॉलेशन फुकट.' खाली मुंगीएवढ्या अक्षरात: 'फक्त नव्या ग्राहकांसाठी.' शेजारचे काका म्हणाले, "म्हणजे जुने ते येडे?"

३९९ वर १८ टक्के जीएसटी धरला की ४७१ होतात. त्यातही असा दर बहुधा सहा-बारा महिन्यांचे पैसे आगाऊ भरले तरच. एकूण रक्कम भागिले महिने, एवढंच बघा.

जुन्यांनी ऑटो-पे आधी बंद करावं. एकदा जुन्या दराने रिन्यू झालं की बोलणी संपली. मुदतीच्या आठवडाभर आधी फोन करून 'कनेक्शन बंद करायचंय' म्हणा. कॉल रिटेन्शनवाल्यांकडे, म्हणजे सोडून जाणाऱ्या ग्राहकाला थोपवणाऱ्या टीमकडे, गेला की बऱ्याचदा दर उतरतो, निदान एखादा महिना जास्तीचा मिळतो. कबूल केलेलं मेसेजवर मागून घ्या. खरंच सोडलंत तर राउटर परत दिल्याची पावती हवीच, नाहीतर डिपॉझिट अडकतं.

भांडेल त्याला सूट, गप्प बसेल त्याला पूर्ण बिल. तुमच्याकडे १०० एमबीपीएसचा प्लॅन कितीला पडतोय?