अठरा नंबरचा चॅनेल आणि शेजारचा स्लॅब

गेल्या डिसेंबरात डलासहून मेहुणा आला. बायको, दोन पोरं, पाच बॅगा. चॉकलेटं, बदाम, कुणाकुणाच्या सांध्यांच्या गोळ्या असं सगळं निघाल्यावर तळातून प्लास्टिकचा एक फुगीर पुडा निघाला. आत पिवळ्याधमक वॉकीटॉकींची जोडी. "दाजी, पोरांसाठी आणलेत. पण तुम्हाला यातलं कळतं, म्हणून तुमच्या हवाली."

यातलं कळतं हे खरं. होटगी रोडला माझं इन्व्हर्टर-बॅटरी दुरुस्तीचं दुकान आहे, आणि चौदा वर्षांपूर्वी मुंबईला जाऊन परीक्षा देऊन हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी वायरलेसवाल्यांचं, लायसन काढलंय. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी शाळेत होतो. सोलापुरात आम्ही पहाटे चड्डीवर रस्त्यात आलो होतो. तिकडे फोन बंद पडल्यावर हॅमवाले लोक सेट आणि बॅटऱ्या घेऊन बसले होते, हे नंतर कानावर आलं आणि तेव्हापासून किडा डोक्यात बसला. आता माझ्या जुन्या जीपमध्ये ड्रायव्हरच्या सीटखाली मोबाइल सेट आहे. इथे मोबाइल म्हणजे फोन नव्हे, गाडीत बसवायचा सेट. त्याचा डिस्प्ले डॅशबोर्डवर, अँटेना टपावर लोहचुंबकाच्या बेसवर. गाडीच्या बॅटरीवर चालतो आणि यूएचएफला, म्हणजे त्याच्या वरच्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यात, मोठी पॉवर लावली तर ३५ वॅट फेकतो.

बेत असा होता की रविवारी तीन गाड्या काढून तुळजापूरला दर्शनाला जायचं आणि येताना एका मित्राच्या शेतात हुरडा खायचा. पंचेचाळीस किलोमीटरचा रस्ता, सगळीकडे फोनला रेंज. वॉकीटॉकीची गरज शून्य. पण पोरांनी डोळे असे केले की मी म्हटलं, बघू. थोरला भाचा म्हणाला, "काका, तुमच्या गाडीतला सेट आमच्या चॅनेलवर नाही लागत?"

इथेच माझी जीभ घसरली. मी म्हटलं, "लागतो की!"

लागतो, कारण माझा सेट 'ओपन' आहे. हैदराबादच्या एका हॅमकडून सेकंडहँड घेतला तेव्हाच त्याने सांगितलं होतं. हे सेट कारखान्यातून येतात तेव्हा फक्त हॅमच्या पट्ट्यात बोलतात. ऐकायला मात्र बरंच काही ऐकतात. आतल्या बोर्डावर तिळाएवढा एक पार्ट असतो. तो काढला की सेटचं तोंड मोकळं होतं, आणि मग ४०० पासून ४७० मेगाहर्ट्झपर्यंत जिथे म्हणाल तिथे बटण दाबून बोलता येतं. बरेच हॅम हे करून ठेवतात. का, असं विचारलं तर "आपत्तीत उपयोगी पडेल" म्हणतात. मीही तेच म्हणायचो.

पुड्याच्या मागे चॅनेलांचा तक्ता छापला होता. अमेरिकेत सामान्य लोकांसाठी २२ चॅनेल आहेत, ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झच्या आसपास. मी बघून १८ नंबर निवडला, ४६२.६२५. गंमत म्हणजे हा आकडा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटत होता. कुठे, ते तेव्हा आठवलं नाही. आठवलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

शनिवारी सकाळी जुळे सोलापुरात घरापुढे जीप उभी करून चाचणी. भाचा सायकलवर पिवळा सेट घेऊन विजापूर रोडच्या दिशेने गेला. आमच्यापुढच्या प्लॉटवर सात मजल्यांची इमारत उठतेय, तिचा त्या दिवशी स्लॅब होता. खाली काँक्रीटचा पंप धडधडत होता, पाइप वर चढवलेला. अशा आवाजात काय चाचणी करायची म्हणून मी काचा वर केल्या.

हॅमला पहिली शिकवण असते: आधी ऐक, मग बोल. मी ऐकलं. दहा-बारा सेकंद. चॅनेल शांत. बटण दाबलं. आता आम्हा हॅमवाल्यांची एक खोड म्हणजे बटण हातात आलं की सोडवत नाही. मी भाच्याला एक-दोन-तीन म्हणून दाखवलं, मग तो कुठवर पोचला ते विचारलं, मग सेट तोंडापासून किती लांब धरायचा यावर छोटंसं व्याख्यान दिलं. चांगली वीस-पंचवीस सेकंदं. बटण सोडलं. भाच्याच्या जागी स्पीकरमधून आलं:

"—बंद कर म्हणलालो ना बे! बंद! ऐकू येईना का तुला?"

आणि तेच वाक्य काचेतून, रेडिओशिवाय, वरच्या मजल्यावरूनही आलं.

वर पाइपचं तोंड धरून उभा असलेला माणूस खाली पंपवाल्याला थांबायला सांगत होता. त्याच्या खांद्याला वॉकीटॉकी, पंपवाल्याच्या कमरेला वॉकीटॉकी. आणि मधे मी. पंप थांबेपर्यंत चार-पाच घमेली काँक्रीट कडेच्या फळीवरून खाली आलं आणि एका उभ्या स्कूटरच्या सीटवर बसलं. खाली माणूस नव्हता. एवढंच माझं नशीब.

आकडा आठवला तो तेव्हा. बाजारात स्वस्तात जोडीने मिळणारे सोळा चॅनेलचे चिनी सेट असतात. मंगल कार्यालयापासून मिरवणुकीपर्यंत सगळ्यांच्या हातात तेच. त्यांतल्या एका फार खपलेल्या सेटमध्ये कारखान्यातूनच ४६२.१२५, ४६२.२२५ अशा चढत्या फ्रिक्वेन्सी भरलेल्या येतात आणि सहाव्या जागेवर असते ४६२.६२५. अमेरिकेतला अठरा नंबर. दुकानात दुरुस्तीला आलेले असले दहा-वीस सेट मी उघडले असतील, आणि तरी ऐन वेळी डोक्यात प्रकाश पडला नाही.

पंपवाल्याला माझं व्याख्यान ऐकू आलं का? नाही, आणि घोळ नेमका तिथेच आहे. त्यांच्या सेटमध्ये टोन भरलेला होता. बोलणाऱ्याच्या आवाजाखाली सेट एक बारीक गुणगुण पाठवतो, कानाला जाणवत नाही अशी. ऐकणाऱ्या सेटला ती ओळखीची गुणगुण मिळाली तरच तो स्पीकर उघडतो. मी टोन लावला नव्हता, म्हणून माझ्यासाठी त्याचा स्पीकर उघडला नाही. आणि हे सगळे सेट एफएम पद्धतीने आवाज पाठवतात. एफएममध्ये दोन सिग्नल एकाच वेळी आले की ते पिठल्यात कांदा मिसळावा तसे मिसळत नाहीत. जो जोरकस तो राहतो, दुसरा जवळपास पुसला जातो. वरच्या माणसाचा सेट दोन वॅटचा, मधे सेंट्रिंगच्या प्लेटा आणि सळयांचं जाळं. माझे ३५ वॅट समोरून मोकळे. म्हणजे पंपवाल्याला मीही ऐकू आलो नाही आणि त्याचा जोडीदारही नाही. नुसती शांतता. शांतता म्हणजे सगळं ठीक चाललंय, असंच तो समजणार. माझा आवाज ऐकू आला असता तर निदान तो दचकून पंप बंद तरी करता.

आणि मला ज्याच्यासाठी हे सगळं करायचं होतं तो भाचा? दहा मिनिटांनी आला आणि म्हणाला, "काका, तुमचा आवाज येत होता पण फाटत होता. मी किती वेळा उत्तर दिलं." त्याचं उत्तर मला एकदाही मिळालं नाही. तेही सरळ आहे. बोटभर अँटेनाच्या खेळण्यातून निघालेला आवाज घरांच्या रांगा ओलांडून माझ्यापर्यंत येणार कसा? मी लाऊडस्पीकर लावून बोलायचं आणि त्याने कुजबुजत उत्तर द्यायचं, अशी ती जोडी. आवाज फाटला, कारण माझा सेट आवाज रुंद पसरून पाठवतो आणि ते खेळणं अरुंद ऐकतं.

रात्री शेंगाचटणी आणि कडक भाकरीवर बसलो असताना मेहुण्याने विचारलं, "पण दाजी, अमेरिकेत हे चाललं असतं ना? तिथे तर चॅनेल लोकांचेच आहेत." मी त्याला म्हटलं, तिथेही नाही. आमची बहुतेक रात्र त्यातच गेली.

तिथले नियम मला आवडतात, म्हणून सांगतो. त्या २२ चॅनेलांवर दोन सेवा एकत्र नांदतात. एक बिनलायसनची. तिच्यात हातातले छोटे सेट, जास्तीत जास्त दोन वॅट, आणि अँटेना काढता येत नाही. दुसरी जीएमआरएस, म्हणजे जनरल मोबाइल रेडिओ सर्व्हिस. तिच्यात गाडीतला सेट चालतो, मुख्य आठ चॅनेलांवर ५० वॅटपर्यंत पॉवर चालते, आवाज पकडून पुढे फेकणारा रिपीटरही लावता येतो. तिला लायसन लागतं, पण परीक्षा नाही. २०२२ पासून फी ३५ डॉलर, मुदत दहा वर्षं. आणि एका लायसनात सगळं घर: नवरा-बायको, मुलं, आईवडील, भाऊ-बहिणी, काका-मामा, भाचे-पुतणे, सासरची माणसं. "हे तर रेशन कार्ड झालं!" मेहुण्याची बायको म्हणाली.

पण तिथे अट सेटची आहे. सेट त्या सेवेसाठी तपासून मंजूर झालेला पाहिजे. हॅमचा सेट तसा मंजूर नसतो. त्याचं मुळी लक्षणच असं की समोरच्या बटणांनी कुठेही फिरवता येतो. हॅमने परीक्षा दिलेली असते, म्हणून त्याच्या पट्ट्यात त्याला घरी जोडलेला सेटसुद्धा चालतो. कायद्याचा भरवसा माणसावर असतो. लोकांच्या चॅनेलवर माणूस कोणीही असू शकतो, म्हणून तिथे भरवसा खोक्यावर. त्यामुळे दार एकाच बाजूला उघडतं. जीएमआरएसचा सेट हॅमने आपल्या पट्ट्यात वापरला तर हरकत नाही. हॅमचा सेट तिकडे नेला की नियम मोडला, खिशात दोन्ही लायसनं असली तरी.

"पण ऐकणाऱ्याला काय कळतंय, सेट कुठला आहे?" मेहुणा. मी त्याला खिडकीतून स्कूटर दाखवली. सीट धुतली होती तरी पांढरं दिसत होतं.

आपल्याकडे तर तो प्रश्नही उद्भवत नाही. ४६२ ला इथे लोकांचा चॅनेलच नाही. माझं लायसन १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झला आहे, शिवाय शॉर्टवेव्हचे पट्टे. त्याबाहेर मी बटण दाबलं तर मी आणि विनालायसन माणूस सारखेच. लोकांसाठी मोकळा म्हणून ४४६.० ते ४४६.२ एवढा चिमटीभर पट्टा आहे, तोही कमी पॉवरच्या, मंजुरी असलेल्या सेटसाठी. तिथेही माझा जीपमधला सेट पाहुणा म्हणूनसुद्धा चालत नाही. आणि ते पिवळे सेट कितीही गोड दिसले तरी इथे विनापरवाना वायरलेसच. १९३३ चा वायरलेसचा कायदा तर नुसता सेट बाळगायलाही परवाना मागायचा. २०२५ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन दुकानांवर वॉकीटॉकी विकण्याबद्दल नियमावली काढली ती याच कारणाने. फ्रिक्वेन्सी न सांगता, लायसन लागतं हे न सांगता धडाधड विक्री चालली होती.

रविवारी निघायच्या आधी मी समोर गेलो. मिस्त्री चहा पीत होता. मी खरं ते सांगितलं, स्कूटरवाल्याच्या सीट कव्हरचे पैसे देतो म्हणालो. तो हसला. "आम्हाला वाटलं बॅटरी उतरली. वरचा आणि खालचा, दोघं सकाळपासनं भांडलालते." मग विचारलं, "म्हणजे आमच्या सेटला पण लायसन लागतंय का?" लागतं म्हटलं. त्याने कप खाली ठेवला. "ते आमच्या सेठला सांगा." सेठ कधी साइटवर येतो ते मात्र त्याने सांगितलं नाही. मी ४४६ च्या मंजूर सेटबद्दल एका कागदावर लिहून दिलं. कागद त्याने शर्टाच्या खिशात घातला. पुढे काय झालं माहीत नाही. परवा गेलो तर तेच सेट होते.

माझा सेट मात्र त्याच आठवड्यात दुकानात उघडला. काढलेला तिळाएवढा पार्ट अर्थातच हैदराबादलाच कुठल्यातरी झाडूत गेला असणार. त्या जागी मल्टिस्ट्रँड वायरीतली एक तार घेऊन भिंगाखाली दोन टाके मारले. हात थरथरतो आता, चष्म्याचा नंबरही वाढलाय, तासभर गेला. जोडून ४६२.६२५ लावलं, अँटेनाच्या जागी पॉवर हवेत न सोडता गिळून टाकणारा डमी लोड लावला, बटण दाबलं. पॉवरचा काटा हलला नाही.

तुळजापूरला आम्ही तिन्ही गाड्या फोनवर बोलत गेलो. हिप्परग्याच्या तळ्यापाशी पोरं एकदा रुसली, हुरडा दिसल्यावर विसरली. पिवळे सेट मी सेल काढून परत बॅगेत घातले. चटणीच्या पुड्यांच्या मधे छान बसले.

मार्चमध्ये मेहुण्याचा व्हिडिओ कॉल आला. ट्रकमध्ये जीएमआरएसचा नवाकोरा सेट बसवलेला, ३५ डॉलर भरलेले, कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरची ओळख, कागदावर लिहून कॅमेऱ्यासमोर धरलेला. "दाजी, नियम वाचला. सासरची माणसं धरलेली आहेत. तुम्ही माझ्या बहिणीचा नवरा, म्हणजे माझ्या लायसनात तुम्हीपण बसता. इकडे आलात की माझ्या सेटवर बोला."

मी म्हटलं, बोलतो. आधी तुझ्या शेजारी कुठे स्लॅब चालू नाही ना ते बघ.