आषाढीला अभंग रिलीज करायचा तर : माझा अनुभव

सांगली-मिरजेकडे दिवसा लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे फ्लेक्स करणारा माणूस संध्याकाळी पेटी घेऊन भजनाच्या साथीला बसलेला दिसला, तर कुणाला नवल वाटत नाही. मीही त्यातलाच. अभंगाचा सिंगल घरी रेकॉर्ड करायचा, त्याच्या कव्हरचं चित्र आपणच करायचं आणि वितरकामार्फत, म्हणजे गाणी ॲपवर पोचवणाऱ्या ऑनलाइन कंपनीमार्फत, स्पॉटिफाय, ॲपल म्युझिकवर चढवायचा, हे सगळं एका हाती होतं. फक्त गाणं अडतं ते सुरामुळे क्वचित. ते अडतं अक्षरामुळे.

आधी तारीख धरायची आणि उलटं मोजायचं. स्पॉटिफायच्या प्लेलिस्टसाठी संपादकांपुढे गाणं मांडायचं असेल तर रिलीजच्या निदान ७ दिवस आधी ते मांडावं लागतं. त्याआधी वितरकाची तपासणी, आणि फाईल परत आली तर दुरुस्तीचा आठवडा वेगळा. मी ४ आठवडे धरतो. त्यातच आषाढ आला की गणेश मंडळं पावती पुस्तकं आणि अहवालासाठी दारात उभी राहतात, त्यामुळे कव्हर ज्येष्ठातच आवरलेलं बरं.

रेकॉर्डिंग उसाच्या हंगामात नकोच. कारखाने सुरू असताना ट्रॅक्टर रात्रभर टेप लावून जातात, आणि तो ठेका भिंतीतून आत येतो. कितीही गाद्या लावा, खालचा बास थांबत नाही. हंगाम संपल्यावर, एप्रिल-मेमध्ये पहाटे ४ ते ६ ही वेळ चांगली. पंखा बंद, फ्रीजचा स्विच बंद, आणि माइकच्या समोरच्या नव्हे तर गायकाच्या पाठीमागच्या भिंतीला रजई. माइक तोंडाच्या मागचंच जास्त ऐकतो, हे बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही.

पहिला घोळ पेटीचा. काळी एक म्हणून आपण जो सूर धरतो तो ४४० च्या मापात २७७.१८ हर्ट्झ यायला हवा. जुन्या पेट्या त्याच्या थोड्या वर किंवा खाली असतात. ॲपवरचा तानपुरा ४४० वर आणि पेटी तिच्या मनाप्रमाणे, असं झालं की दोघांत लहरी उठतात आणि मिक्सिंगमध्ये काही केल्या जात नाहीत. म्हणून पेटीचा षड्ज ट्यूनरवर मोजायचा आणि बाकी सगळं तिच्याकडे वळवायचं. पेटी वळत नाही, बाकीचे वळतात. तबलाही याच वेळी चढवून घ्यायचा.

तानपुरा शक्यतो खराच घ्या. मिरजेच्या तंतुवाद्यांना भौगोलिक मानांकन आहे ते काही उगीच नाही, आणि तासाभरासाठी तानपुरा मागून आणणं इकडे अवघड नाही. यात हौस थोडी, व्यवहार जास्त. ॲपमधला किंवा नेटवरचा तयार लूप हजार जणांनी वापरलेला असतो. अशा लूपवर यूट्यूबच्या कंटेंट आयडीसाठी, म्हणजे आपलं गाणं दुसऱ्याच्या व्हिडिओत वाजलं की ते ओळखणाऱ्या यंत्रणेसाठी, हक्क सांगता येत नाही. सांगितला तर दुसऱ्याच्या गाण्यावर आपला दावा जातो किंवा त्याचा आपल्यावर येतो.

२४ बिटवर रेकॉर्ड करा आणि आवाजाची पातळी उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये ठेवा. माइक तोंडापासून वीतभर लांब, पेटीपासून हात-दीड हात. जवळ नेला तर भात्याचा श्वास आणि पट्ट्यांची खटखट सुरांपेक्षा मोठी येते. शेवटची फाईल वेव्हच हवी. एमपीथ्री चढवू नका, आणि एमपीथ्रीची वेव्ह केली तरी गेलेलं परत येत नाही. लाउडनेस, म्हणजे गाण्याचा एकूण जोर, उणे १४ लुफ्सच्या (त्याच्या मापाच्या) आसपास, ट्रू पीक, म्हणजे सर्वांत उंच टोक, उणे १ डेसिबल. जोरात दाबून दिलं तरी स्पॉटिफाय बहुतेक वेळा ते खाली आणतंच, फक्त टाळांची धार आपण फुकट घालवलेली असते.

हक्कांचं थोडक्यात. तुकोबांचे शब्द सर्वांचे, पण चाल सर्वांची नाही. संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालीवर हक्क राहतो. रेडिओवर ऐकलेली ‘पारंपरिक’ चाल अनेकदा कुणीतरी बांधलेली निघते. स्वतः चाल बांधली असेल तर आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासदत्व घेऊन ती तिथे नोंदवा. वितरक देतो ते रेकॉर्डिंगचे पैसे, चालीचे पैसे त्या वाटेने येतात.

आता कव्हर. ३००० बाय ३००० पिक्सेल, चौरस, आरजीबी (पडद्यासाठीचे रंग). कोरलड्रॉमध्ये १० इंच बाय १० इंचाचं पान घेऊन ३०० डीपीआयला काढलं की बरोबर बसतं. छापाईची सवय असलेला हात आपोआप सीएमवायके (छपाईच्या रंगांचं) पान उघडतो, आणि मग बुक्क्याचा काळा राखाडी दिसतो, केशरी विटकरी. कव्हरवर फोन नंबर, इन्स्टाचं नाव, क्यूआर कोड, ‘लवकरच येत आहे’, प्लॅटफॉर्मचे लोगो यातलं काहीही घातलं की फाईल परत येते. फ्लेक्सवाल्याला ही मोकळी जागा बघवत नाही, पण ती तशीच ठेवायची.

अक्षराकडे मात्र वेळ द्या. फोटोशॉपच्या जुन्या व्हर्जनमध्ये मजकुराचा कंपोझर, म्हणजे अक्षरं जुळवणारी सेटिंग, भारतीय लिप्यांसाठी बदललेला नसेल तर ‘विठ्ठल’मधली वेलांटी व च्या डावीकडे न राहता उजवीकडे जाऊन पडते आणि ठ्ठ फुटून मधे पाय मोडलेला दिसतो. ‘वारकऱ्यांचा’ हा शब्द तर फॉन्टची परीक्षाच. ऱ्या आडवा हवा, कित्येकदा तो य वरचा रफार होऊन बसतो. तो र नेहमीचा नाही, खाली टिंब असलेला ऱ टंकून मग पाय मोडून य लावायचा. आणि ल, श बघा. बऱ्याच फॉन्टांत ते हिंदी वळणाचे येतात. मजकुराची भाषा मराठी निवडली की काही फॉन्ट वळण बदलतात. ‘टिरो देवनागरी मराठी’ या फॉन्टात ते मुळातच मराठी आहे. ‘मुक्त’ (Mukta) आणि ‘बालू’ हे फॉन्ट मोफत आहेत आणि ठळक वजनात चांगले दिसतात. श्रीलिपीतला, म्हणजे युनिकोडच्या आधीच्या फॉन्टातला, मजकूर असेल तर तो आधी युनिकोडमध्ये आणून पुन्हा वाचा, रूपांतरात एखादा अनुस्वार हमखास गळतो.

शेवटी कव्हर ६० पिक्सेलवर लहान करून फोनवर बघायचं. बारीक फॉन्टात शिरोरेखा उरते आणि खालची अक्षरं मुंग्यांसारखी होतात. तीन शब्दांपेक्षा जास्त मजकूर या मापात वाचला जात नाही. विठ्ठलाचा फोटो नेटवरून उचलू नका, तोही कुणीतरी काढलेला असतो. दोन टाळ आणि दोरी रेखाटली तरी पुरते.

फॉर्म भरताना कव्हरवरचं शीर्षक आणि फॉर्ममधलं शीर्षक शब्दशः एक हवं. एकीकडे देवनागरी आणि दुसरीकडे रोमन एक वेळ चालतं, पण एकीकडे दोन शब्द आणि दुसरीकडे ‘भक्तिगीत २०२५ नवीन’ हे चालत नाही. रोमनमध्ये आपल्या नावाचं स्पेलिंग एकदाच ठरवा, वहीत लिहा आणि तेच पुढे कायम. गीतकार म्हणून ‘संत तुकाराम’, संगीतकार म्हणून स्वतःचं पूर्ण नाव, टोपणनाव नको. आयएसआरसी क्रमांक, म्हणजे प्रत्येक रेकॉर्डिंगची ओळख, १२ अक्षर-अंकांचा असतो आणि वितरक तो देतो. तो जपून ठेवा. उद्या वितरक बदलला तर त्याच रेकॉर्डिंगला तोच क्रमांक द्यायचा. नवीन घेतला की आधीची ऐकण्यांची मोजणी तुटण्याचा धोका असतो.

फ्लेक्स लावायचाच असेल तर ६ बाय ३ फुटी पुरतो, म्हणजे १८ चौरस फूट. पूर्ण मापात १०० डीपीआय भरपूर झाले, ३०० दिले तर छापणाऱ्याचं मशीन रांगायला लागतं. चारी बाजूंनी ३ इंच मोकळे सोडा, नाहीतर आयलेट (दोरी ओवायची कडी) नेमकं नावात बसतं. मजकूर कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचं आकृतीत रूपांतर करून, आणि कोरलच्या जुन्या व्हर्जनमध्ये सेव्ह करून द्या, पण कर्व्ह न केलेली प्रत आपल्याकडे ठेवा. तारीख बदलली तर कर्व्हमध्ये काही दुरुस्त होत नाही. क्यूआर कोड इथे हक्काने घाला. १० फुटांवरून वाचायचा तर तो फूटभर हवा, गडद रंगात, पांढऱ्यावर आणि भोवती रिकामी चौकट.

रिलीजच्या सकाळी आधी कलाकाराचं पान उघडून बघा. सारख्या नावा-आडनावाची माणसं बरीच निघतात, त्यामुळे आपला अभंग एखाद्या नामसाधर्म्यवाल्याच्या रिमिक्सखाली जाऊन बसलेला असू शकतो. वितरकाला लगेच कळवलं की अभंग तिथून काढून वेगळं पान करून देतात. त्या पानाची लिंक वहीत स्पेलिंगच्या शेजारीच लिहायची, पुढच्या गाण्याच्या फॉर्ममध्ये ती द्यावी लागते.