काकांचा बेहडा आणि माझा आगाऊपणा

संगमेश्वर रोडला गाडीने भल्या पहाटे उतरवलं. तिथून एसटीने देवरुख, पुढे आमच्या गावापर्यंत वडाप. वडापात माझ्या मांडीवर कुणाचीतरी कोंबड्यांची पाटी होती, एवढंच आता आठवतंय. पहिले दोन दिवस झोप, आंबे आणि उकाडा यांत गेले.

ऑफिसात मी आमच्या घराचं वर्णन करते तेव्हा ते ऐकून लोकांना अभयारण्यच वाटत असावं. मागच्या दारी मोर येतात, रात्री माळ्यावर कांडेचोर, म्हणजे उदमांजर, धावतो, आगरात शेकरू असतं. यात खोटं काही नाही. पण काकूला विचारलं तर मोर म्हणजे वालाचा पेरा उकरणारा, कांडेचोर म्हणजे केळ्यांचा घड फस्त करणारा. आणि माकडांचं नाव काढायचीही सोय नाही. भाजी लावणंच तिने त्यांच्यापायी सोडलंय. सकाळी टोळी कौलांवर उतरली की काकू पत्र्याचा डबा बडवत धावते आणि मी मोबाइल घेऊन. दोघी एकाच दारातून बाहेर पडतो, म्हणून एकदा टक्करही झाली.

तिसऱ्या दिवशी काका म्हणाले, "ककणेर बसलेय बेहड्यात. बघायचेय तर गडग्याच्या अलीकडून बघ." ककणेर म्हणजे धनेश पक्षी, आणि गडगा म्हणजे दगड रचून केलेली कुंपणाची भिंत.

विहिरीमागचा हा बेहडा माझ्या लहानपणीही एवढाच म्हातारा होता. वर, दोन माणसांच्या उंचीपलीकडे ढोली. ककणेराची मादी त्यात शिरते आणि विष्ठा, माती, फळांचा चोथा यांनी तोंड लिंपून घेते. राहते फक्त एक उभी फट. अंडी उबवून पिल्लं वाढेपर्यंत ती आतच. तिच्या पोटाची सगळी भिस्त नरावर.

नर येताना आधी आवाज येतो. पंखांचा, जुन्या भात्यासारखा. मग काळापांढरा, पिवळ्या चोचीवर टोप मिरवणारा तो पक्षी खोडाला बिलगून बसला. गळ्याला एक आचका दिला आणि चोचीच्या टोकाशी वडाचं लाल फळ आलं! जादूगार तोंडातून चेंडू काढतो तसं. फटीतून चोचीचं टोक पुढे आलं, फळ आत गेलं. पुन्हा आचका, पुन्हा फळ. मी सतरा मोजली. प्रत्येक फळ तो एवढ्या हलक्या हाताने (हात कसला, पण दुसरा शब्द सुचत नाही) देत होता की माझ्या मुलानेही खेळ बंद करून पाहिलं.

इथेच थांबायला हवं होतं. पण गडग्यावरून फोटो धूसर येत होता. दुपारी काका आडवे झाल्यावर मी गडगा ओलांडला आणि बेहड्यापासून दहा पावलांवर करवंदीच्या जाळीआड बसले. आपण दिसत नाही अशी माझी समजूत. नर आला, समोरच्या आंब्यावर बसला, मान वाकडी करून थेट जाळीकडे बघू लागला. गळ्यातली फळं तशीच. उडाला, घिरटी घालून परत आला, पुन्हा तिथेच बसला. फटीतून चोच बाहेर यायची, आत जायची. मला वाटलं, सरावेल पाच मिनिटांत. पाऊण तास गेला. तरी मी उठले नाही, हे इथे कबूल करते.

उठवलं काकांनी. लांबूनच ओरडले, "अगो, ती आत उपाशी आहे नि तू काय फोटो काढतेस? ऊठ आधी!"

पन्नाशीला आलेल्या बाईला मुलासमोर असं बोलणी खाताना कसं वाटतं, ते राहू दे. मी गडग्याअलीकडे येताच मागे तो भाता वाजला. वळून पाहायची हिंमत झाली नाही.

रात्री पडवीत बसून मी काकांना म्हटलं, "तुम्ही त्यांच्यासाठी झाड राखलंत, केवढं मोठं काम." काका सुपारी कातरत होते. "राखलं कुठे? लाकूडवाला दोनदा येऊन गेला. आतून पोकळ आहे म्हणाला, घेतला नाही."

जूनमध्ये, पाऊस लागल्यावर फोन केला. ककणेरांचं विचारलं. "फट फुटलेय, ढोली मोकळी दिसतेय," काका म्हणाले. "आणि माकडांनी एक फणस ठेवला नाही, तेही लिही तुझ्या त्यात."