९५ हर्ट्झचा खड्डा सापडला, नव्या डॅकचा बेत रद्द

मागच्या नोंदीत नव्या डॅकसाठी, म्हणजे डिजिटल संगीताचं ऍनालॉग सिग्नलमध्ये रूपांतर करणाऱ्या डब्यासाठी, २५ हजार बाजूला काढले होते. डग्ग्याचा घुमार पोकळ येत होता आणि संशय जुन्या डॅकवर होता. रू (REW) या ध्वनिमापनाच्या सॉफ्टवेअरमध्ये तपासल्यावर दोष खोलीत निघाला. डॅक बदलून हा दोष तसूभरही हलला नसता.

मांडणी तीच आहे. १२ बाय १० फुटांची खोली, ऐकणं लांबीच्या दिशेनं, रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर मूड हे संगीत वाजवणारं सॉफ्टवेअर, यूएसबी डॅक, ५ इंची ऍक्टिव्ह मॉनिटर (आतच ऍम्प्लिफायर असलेले स्पीकर). यूमिक-१ हा मोजणीचा माइक कानाच्या उंचीवर, त्याची कॅलिब्रेशन फाइल अनुक्रमांकावरून उतरवून रूमध्ये भरलेली. आधी डावा, मग उजवा, मग दोन्ही, असे वेगवेगळे स्वीप (खालून वर चढत जाणारा चाचणीचा सूर) घ्या. नुसते दोन्ही एकत्र घेतले तर कोणता दोष कुठल्या भिंतीचा, हे उलगडत नाही.

आलेखात दोन गोष्टी ठळक होत्या: ४७ हर्ट्झला ११ डेसिबलचा उंचवटा आणि ९५ च्या आसपास १६ डेसिबलचा खड्डा. उंचवट्याचं गणित सोपं आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४५ मीटर धरला आणि त्याला खोलीच्या लांबीच्या, ३.६६ मीटरच्या, दुपटीनं भागलं की ४७ येतात. हा लांबीचा पहिला मोड, म्हणजे समोरासमोरच्या भिंतींमध्ये घुमत राहणारी लहर. बेस गिटारचे सगळ्यात खालचे सूर फुगत होते ते यामुळेच.

खड्ड्यानं मात्र तीन शनिवार खाल्ले. आधी कॅमिलाडीएसपी या आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ९५ ला ६ डेसिबल वाढवून पाहिलं. आलेख जेमतेम हलला, स्पीकरचे पडदे मात्र जोरात हलायला लागले. खड्डा म्हणजे दोन लहरी एकमेकींना खोडतात ती जागा. थेट आवाज वाढवला की परतून येणाराही तेवढाच वाढतो आणि खोडणं चालूच राहतं. कपात करायची ती उंचवट्याची, खड्डा ईक्यूनं (वारंवारतेनुसार आवाज कमीजास्त करून) भरायला जाऊ नये, हा नियम इथे पुन्हा खरा ठरला. मग सगळी केबल बदलून पाहिली, फेज तपासली. फरक शून्य.

उत्तर मोजपट्टीनं दिलं. स्पीकरचा पुढचा चेहरा स्पीकरमागच्या भिंतीपासून ९० सेंटीमीटरवर होता. भिंतीवरून परतणारी लहर ३४५ भागिले (४ गुणिले ०.९), म्हणजे जवळपास ९५ हर्ट्झलाच उलटी होऊन येते. त्यात खुर्चीही तिच्या पाठीमागच्या भिंतीपासून ९० सेंटीमीटरवरच, म्हणजे तिथूनही तोच खड्डा. आणि ९० सेंटीमीटर म्हणजे लांबीचा जवळजवळ चौथा भाग. खोलीच्या दुसऱ्या मोडचा, ९४ हर्ट्झचा, दाब तिथे शून्याजवळ असतो. स्पीकर तो मोड जागवत नव्हते आणि खुर्चीत तो ऐकूही येत नव्हता. एकाच आकड्यावर चार कारणं जमली होती, ती सगळी ‘दोन्हीकडे सारखी जागा सोडू’ या नीटनेटकेपणामुळे.

मग सगळी मांडणी ५० सेंटीमीटर सरकवली. स्पीकरचा चेहरा आता भिंतीपासून ४० सेंटीमीटरवर, खुर्ची पाठीमागच्या भिंतीपासून १.४ मीटरवर. ऐकण्याचं अंतर तेच, १.८६ मीटर. खड्डा ४ डेसिबलवर आला. ४७ चा उंचवटाही ११ वरून ७ वर उतरला. भिंतीलगतच्या तुलनेत १.४ मीटरवर या मोडचा दाब सुमारे ९ डेसिबल कमी असतो, ९० सेंटीमीटरवर जेमतेम ३. खर्च शून्य रुपये! हा आलेख छापून भिंतीवर लावण्याजोगा आहे.

भिंतीकडून येणारा खड्डा आता २१५ हर्ट्झच्या आसपास सरकला, आणि तिथे रॉकवुल काम करतं. ४८ किलो घनतेचे ५ सेंटीमीटरचे दोन स्लॅब एकावर एक, लाकडी चौकटीत, वरून मांजरपाट. स्पीकर २३ सेंटीमीटर खोल, मागे पोर्टसाठी (स्पीकरच्या हवेच्या भोकासाठी) ७ मोकळे आणि १० चा स्लॅब, असे ४० बरोबर भरतात. स्लॅब कापताना मास्क आणि हातमोजे घालाच, तंतू दोन दिवस टोचतात. हेच स्लॅब ४७ हर्ट्झसाठी लावू नका. त्या लहरीचा चौथा हिस्सा १.८ मीटर भरतो, १० सेंटीमीटरला ती दाद देत नाही. कोपऱ्यात लावायचे फोमचे त्रिकोणी तुकडे ‘बेस ट्रॅप’ म्हणून विकतात, त्यांच्यावर तर एक रुपयाही घालू नये.

उरलेल्या उंचवट्याला एक पीकिंग फिल्टर, म्हणजे एका वारंवारतेभोवतीच काम करणारी कपात: ४७ हर्ट्झ, उणे ६ डेसिबल, क्यू (पट्ट्याचा अरुंदपणा) ५. एकूण गेन २ डेसिबल खाली. एफआयआरच्या (आधी तयार केलेल्या फाइलवर चालणाऱ्या फिल्टरच्या) वाटेला जाणार असाल तर ४४.१ आणि ९६ किलोहर्ट्झसाठी वेगळ्या फाइल ठेवा, नाहीतर सुधारणा भलत्याच वारंवारतेवर लागते. पीकिंग फिल्टरला ती कटकट नाही.

स्पीकरमधल्या भुणभुणीचं थोडक्यात. आरसीएकडून बॅलन्स्ड इनपुटकडे जाताना दोन गाभ्यांची शिल्डेड वायर घ्या. आरसीएची पिन बॅलन्स्ड प्लगच्या टिपला (टोकाला), आरसीएचं कडं रिंगला (मधल्या कड्याला), शिल्ड फक्त स्पीकरच्या बाजूला. शे-दोनशे रुपयांत काम होतं. महागड्या लॅन केबलची गरज नाही. इथरनेटच्या पोर्टात दोन्ही बाजू विजेनं वेगळ्या ठेवणारे ट्रान्सफॉर्मर असतातच, आणि २४ बिट ९६ किलोहर्ट्झचा स्टीरिओ कॉम्प्रेस न करताही सेकंदाला ४.६ मेगाबिटमध्ये मावतो. साधी कॅट ६ पुरे.

तर ते २५ हजार सबवूफरकडे (फक्त खालच्या सुरांच्या स्पीकरकडे, थोडक्यात सब), असं इथपर्यंत ठरलं होतं. लिहिताना सुचलं ते असं: सब लांब भिंतीच्या बरोबर मध्यावर ठेवला तर लांबीचा पहिला मोड जागाच होत नाही, दाब तिथे शून्य. मग ४७ चा फिल्टर जवळजवळ लागणारच नाही. क्रॉसओव्हर, म्हणजे सब आणि स्पीकर यांच्यातली वाटणी, ८० ला, २४ डेसिबलच्या उताराचा, म्हणजे ९४ चा मोडही फारसा उठणार नाही. पण कॅमिलाडीएसपीतून सब वेगळा काढायला दोन आउटपुटांचा डॅक पुरत नाही. चार आउटपुटांचा ऑडिओ इंटरफेस लागेल, म्हणजे पैसे दोन ठिकाणी वाटले जाणार आणि सब ८ इंचीच परवडणार.

रुंदीचा मोड ५७ हर्ट्झला आहे. खुर्ची मध्यावर असल्यानं तो आत्तापर्यंत लपला होता, पण बाजूच्या भिंतीवरचा सब त्याला नेमका जागवेल आणि खुर्चीत तिथे नवा खड्डा पडू शकतो. म्हणून आधी उसना सब आणून दोन जागी स्वीप: लांब भिंतीचा मध्य आणि स्पीकरांमधली जागा. ५७ ला खड्डा ६ डेसिबलहून खोल निघाला तर इंटरफेसही नको, सबही नको.