जुन्या फोनचा रिमोट केला, त्याची गोष्ट

टीव्हीचा रिमोट कधीच गडप झाला होता, त्यात एसीचा बादलीत पडला. "हल्ली फोनवरनं होतं म्हणे सगळं," आई म्हणाली. मलाही ते पाच मिनिटांचं काम वाटलं.

एकामागून एक तीन अ‍ॅप डाउनलोड केली. तिन्हींत कंपन्यांची लांबलचक यादी, झकपक बटणं आणि दर दोन बटणांनी एक जाहिरात. टीव्ही ढिम्म. अर्धा तास कोड (म्हणजे टीव्हीला पाठवायचे वेगवेगळ्या रिमोटचे इशारे) बदलत बसले, मग कळलं की माझ्या फोनला इन्फ्रारेडचा दिवाच नाही! साधा रिमोट डोळ्याला न दिसणाऱ्या उजेडाने बोलतो, आणि तो उजेड बहुतेक रिमोटमध्ये सेकंदाला ३८ हजारांच्या आसपास वेळा लुकलुकतो. दिवाच नसेल तर अ‍ॅप बिचारं काय करणार? पण मग तसं आधीच सांगावं ना! आयफोनला हा दिवा कधीच नव्हता. सॅमसंगच्या २०१३ च्या गॅलेक्सी एस४ ला होता, पुढे त्यांनीही काढून टाकला. शाओमीच्या बऱ्याच फोनना मात्र असतो.

कपाटात एक जुना फोन पडून होता. वरच्या कडेला बारीकसा काळा ठिपका. चार्ज केला, अ‍ॅप टाकलं, आणि त्या ठिपक्यासमोर दुसऱ्या फोनचा सेल्फी कॅमेरा धरून बटण दाबलं. पडद्यावर जांभळट उजेड लुकलुकला. (मागच्या कॅमेऱ्यात हा उजेड बहुधा दिसत नाही, तिथे तो अडवणारा फिल्टर असतो.)

आता अ‍ॅप एकेक कोड पाठवून विचारू लागलं, "टीव्हीने प्रतिसाद दिला का?" सातव्याला टीव्ही बंद झाला, पण जरा उशिराने. तोवर मी "नाही" दाबून आठव्यावर गेले होते. परत पहिल्यापासून. दुसऱ्या खेपेला आणखी एक शहाणपण आलं: चालू-बंद आणि आवाज जमला म्हणून कोड सेव्ह करायचा नाही. मेन्यू, सोर्स, आकडे, सगळी बटणं दाबून बघायची. सातव्यात सोर्सचं बटण मेलेलंच होतं. अकरावा बरोबर निघाला.

एसीने खरा घाम काढला. टीव्हीचा रिमोट नुसतं "आवाज वाढव" म्हणतो. एसीचा रिमोट मात्र बहुधा दर वेळी सगळी हकिगत सांगतो: तापमान, पंख्याचा वेग, कूल की ड्राय. त्यामुळे मी २४ चं २५ केलं, तर पंखाही अ‍ॅपमध्ये होता त्या वेगाने घोंघावू लागला. शिवाय एसी उलट काहीच कळवत नाही. फोन जरा तिरका धरला गेला की अ‍ॅप म्हणतं बंद, आणि एसी गार हवा सोडतोय.

आतल्या खोलीतल्या स्मार्ट टीव्हीला दिव्याची गरज नव्हती. दोन्ही एकाच वायफायवर, टीव्हीवर दिसलेला जोडणीचा कोड फोनमध्ये टाकला, झालं. पण पुढच्याच आठवड्यात राउटर बदलला. टीव्ही जुनंच वायफाय शोधत बसला, आणि नवं निवडायला रिमोट कुठाय? शेवटी कॉम्प्युटरचा माउस टीव्हीच्या यूएसबीला लावला आणि पडद्यावरच्या कीबोर्डवर एकेक अक्षर क्लिक करत पासवर्ड भरला.

जुना फोन आता टीव्हीशेजारी कायम चार्जरला लावलेला असतो. आईने त्यावर चिठ्ठी चिकटवलीय: "रिमोट. उचलू नये."